चढावरची शिट्टी

माझं काम मराठीत सांगायचं तर मी हवेची गळती शोधते. जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखजवळच्या एका कंपनीत, टर्बोवर. टर्बो इंजिनाला हवा दाबून भरवतो. ती हवा वाटेत कुठे कमी पडली आणि का पडली, हे मी दिवसभर बघते. ऑफिसात मी जर्मन बाप्यांना 'नाइन, हे चुकलंय' असं तोंडावर सांगते आणि ते ऐकून घेतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना 'बिचारीला कळलं नसेल' अशी कोणी माझी कणव करायला नको. मला सगळं कळत होतं.

आमच्या मराठी ग्रुपात मात्र गाड्यांमधला जाणकार म्हणजे माझा नवरा. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. काच धुवायचं पाणी कुठे ओततात एवढं त्याला गाडीतलं कळतं, तेही मी दाखवल्यापासून. हे असं का झालं, तर आम्ही इथे नवीन असताना एकाच्या बागेत जेवणं चालली होती आणि कोणीतरी आपल्या गाडीच्या खडखडाटाचं वर्णन करत होता. मी मधेच उत्तर दिलं, कारणासकट, व्यवस्थित. क्षणभर सगळे गप्प. मग एकजण म्हणाला, "वहिनींनी तर आमची शाळाच घेतली," आणि हशा पिकला. नवराही हसला, पण परत येताना गाडीत अवाक्षर बोलला नाही.

त्यानंतर कोणी काही विचारलं की मी हळूच त्याच्या कानात सांगायचे आणि तो चारचौघांत सांगायचा. असं करू या, हे आम्ही कधी बसून ठरवलं नाही. कोणाचा बेल्ट, कोणाची बॅटरी, सगळे अंदाज बरोबर यायचे आणि त्याचं नाव व्हायचं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला नवरा बघायला मलाही मजा यायची, खोटं कशाला बोलू. घरात शांतता होती, बाहेर मान होता, आणि मला वाटायचं यात कोणाचं काय बिघडतंय.

त्या उन्हाळ्यात माझे सासूसासरे पुण्याहून आले होते. ते आले की मी नवऱ्याला 'अहो' म्हणते, त्यांचं विमान उडालं की पुन्हा 'अरे'. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, मुलाचं भारी कौतुक. "हा लहानपणी रेडिओ उघडून बसायचा," असं ते भेटेल त्याला सांगत. "आणि मग मी तो पिशवीत भरून दुकानात न्यायचे," असं आई शेजारून म्हणत, पण ते कोणी ऐकत नसे.

श्रावणात ग्रुपातल्या एका तरुण जोडप्याकडे सत्यनारायण होता. त्यातला नवरा गावातच सायकलवरून ऑफिसला जाणारा. ती साताऱ्याची, फिजिओथेरपिस्ट. इथे आल्यावर तिची पदवी इथल्या सरकारनं मान्य करावी म्हणून ती कितीतरी दिवस झगडत होती. भाषेच्या परीक्षा दिल्या, बिनपगारी काम केलं, एकाच कागदासाठी पुन्हा पुन्हा आम्टच्या, म्हणजे सरकारी कचेरीच्या, दारात उभी राहिली. शेवटी फ्रँकिश श्वाइत्स या जवळच्याच डोंगराळ भागातल्या एका क्लिनिकमध्ये तिला नोकरी लागली. ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा चालायला शिकवायचं. नोकरी अजून प्रोबेत्साइटमध्ये होती, म्हणजे पटलं नाही तर दोन्हीकडून लगेच राम राम. वर जायला बस नावापुरती, म्हणून त्यांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली होती. पूजा त्या नोकरीचीच होती.

आई सकाळपासूनच तिच्याकडे प्रसादाच्या मदतीला गेल्या होत्या. आम्ही बाकीचे आरतीच्या वेळी पोचलो. आरती झाली, तीर्थ झालं, आणि तिनं सगळ्यांसमोर विषय काढला. "गाडी मला रोज घाबरवते हो. क्लिनिकच्या आधीचा चढ लागला आणि पाय दाबला की आधी शिट्टी वाजते. मग फुस्स होतं आणि गाडीतला जीवच जातो. दिवा लागतो. मागे ट्रक असतो, तो हॉर्न मारतो. बाजूला घेऊन बंद करून परत चालू केली की पुन्हा नीट." ती बोलत होती सगळ्यांशी, पण बघत होती माझ्याकडे. मी दाराजवळ बसले होते, म्हणून असेल असं मला वाटलं.

"मी चालवतो तेव्हा कधीच होत नाही," तिचा नवरा म्हणाला. तो चालवायचा सुपरमार्केटपर्यंत, सपाट रस्त्यानं.

मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. शिट्टी, मग फुस्स, तेही फक्त चढावर. कुकरची रिंग सैल झाली की मंद गॅसवर काही कळत नाही, गॅस मोठा केला की बाजूनं वाफ जाते, तसंच हे. टर्बोपासून इंजिनाकडे हवा नेणारा जाड रबरी होज कुठेतरी चिरला होता. सपाटीवर दाब कमी, चीर मिटलेली. चढावर दाब वाढला की चीर उघडते, हवा बाहेर जाते, आणि गाडीचा कॉम्प्युटर घाबरून इंजिनाची ताकद काढून घेतो. रोग चढावरच दिसणार, आणि त्या चढावर रोज जाणारी ती एकटीच.

पुरुष मंडळी गाडी बघायला खाली निघाली. चपलांच्या रॅकपाशी मी नवऱ्याला गाठलं. "टर्बोला हात लावू नका म्हणावं. रबरी होज बघायला सांगा, खालच्या बाजूनं. जिथे तेलकट काळं दिसेल तिथे फाटलाय."

"होज. खालून. तेलकट," तो म्हणाला आणि गेला.

बराच वेळ झाला तरी कोणी वर येईना. "त्यांच्या पोटात प्रसाद तरी जाऊ दे," आई म्हणाल्या आणि शिऱ्याच्या वाट्या ट्रेमध्ये लावून त्यांनी मला खाली पाठवलं. यजमानीणबाई पाण्याचा जग घेऊन माझ्यामागून आली.

खाली बोनेट उघडं होतं आणि भोवती आपले वीर उभे. एकजण आत बसून उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबत होता. उभ्या गाडीत कितीही दाबा, ओझं नसलं की टर्बोत पुरेसा दाब तयार होत नाही, आवाज येणार कुठून? माझा नवरा म्हणत होता, "प्रेशर लीक होतंय. होज असणार." मनात म्हटलं, वा.

"कुठला होज?" तिच्या नवऱ्यानं विचारलं. "इथे तर तीन-चार दिसतायत."

माझा नवरा इंजिनाकडे बघायला लागला. त्याच्या मागे बाबा उभे होते, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. तेवढ्यात दुसरा म्हणाला, "होज कसला फाटतोय? टर्बोच गेला असणार. माझ्या भावाचा गेला होता पुण्यात, अशीच शिट्टी वाजायची." सगळ्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. "टर्बोच का रे? बदलावा लागेल?"

"हो, बहुतेक," माझा नवरा म्हणाला.

मी तिथेच होते, हात लांबवला असता तर होजला बोट लावता आलं असतं. ट्रे तेवढा खाली ठेवावा लागला असता. शेजारी ती जग घेऊन उभी होती आणि पुन्हा माझ्याकडेच बघत होती. बाबांचा हात अजून त्याच्या खांद्यावर होता. मी तोंड उघडलं.

"शिरा गार होतोय," मी म्हणाले.

सगळे हसले, वाट्या उचलल्या गेल्या, बोनेट खाली आलं. परतताना गाडीत मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "एवढ्या माणसांत तुझाच शब्द चालतो रे." नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मीही खिडकीबाहेर बघत होते.

घरी आल्यावर स्वयंपाकघराचं दार लोटून मी म्हटलं, "अरे, टर्बो नाहीये तो."

"मग तिथे का नाही बोललीस?"

"बाबांसमोर?"

"मग आता मी फोन करून काय सांगू? की मला काही कळत नाही?"

तो वाकड्यात शिरला होता, पण पहिला प्रश्न त्यानं बरोबर विचारला होता. मी विषय बंद करायला म्हणाले, "जाऊ दे, वर्कशॉपवाले बघतीलच. जर्मन आहेत, तपासल्याशिवाय हात नाही लावणार." इतकी वर्षं इथे काढून मी हे म्हणाले. इथे 'टर्बो बदला' असा आउफट्राग, म्हणजे कामाचा कागद, सही करून दिला की ते टर्बोच बदलतात. तुम्ही सांगितलेलं काम ते उत्तम करतात, तुम्ही न सांगितलेलं करत नाहीत.

पुढच्याच आठवड्यात मी त्या गाडीचा होज मागवला. कशासाठी, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. द्यायचाच होता. पण देताना काय म्हणणार? माझ्या नवऱ्यानं चुकीचं सांगितलं असं म्हणणार, की मी तिथे उभी होते असं म्हणणार? होजचा डबा खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, लोणच्याच्या बरण्यांशेजारी जाऊन बसला. खाली सायकल काढायला गेले की तो दिसायचा. मग मी सायकल बाहेर पावसात ठेवायला लागले.

त्यांनी टर्बो बदलला. वर्कशॉपनं गावातल्या सपाट रस्त्यावर एक फेरी मारून गाडी परत दिली. ग्रुपवर तिच्या नवऱ्यानं माझ्या नवऱ्याचे आभार मानले आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात एक अंगठा माझा होता. ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

सासूसासरे सप्टेंबरात परत गेले. मी 'अरे'वर आले. फोन करायला आता कोणाची आडकाठी नव्हती. मी केला नाही. तिचा काही मेसेज नाही म्हणजे गाडी नीट चालत असेल, असं मी स्वतःला सांगायचे. फाटलेला होज आपला आपण शिवला जात नाही, हे मला पगार घेऊन माहीत आहे.

दिवाळीचा फराळ आमच्याकडे होता, शनिवारी. दोघं आली. ती वाळली होती. आल्या आल्या पदर खोचून चिवड्याच्या डिशेस भरायला लागली. मी विचारलं, "क्लिनिक कसं चाललंय?"

उत्तर तिच्या नवऱ्यानं दिलं. "सोडलं तिनं. नवीन टर्बो घातला तरी हिचं तेच. मी स्वतः नेली शहरात दोनदा, काही नाही. आल्झो, म्हणजे गाडीचा दोष नाही. नाचता येईना अंगण वाकडं." तो हसला. वाईट माणूस नाही तो, पण हसला. "सकाळी उशीर व्हायचा, पेशंट ताटकळायचे. प्रोबेत्साइट होती, त्यांनीही थांबवलं नाही. आता गाडीच विकून टाकतो."

"मलाच जमत नाही चढावर," ती डिशेसकडे बघत म्हणाली. "रात्रभर तो चढच दिसायचा."

हे ती कुठल्याही तक्रारीशिवाय म्हणाली. तिची तशी खात्रीच पटली होती. एवढ्या परीक्षा देऊन इथवर आलेली पोर, रबराच्या चिरेपायी स्वतःला नालायक समजून माझ्या ओट्याशी उभी होती. माझ्या हातातला झारा मी कढईवर आपटला. राग कोणाचा आला म्हणाल तर त्या खोलीत तो माझ्याइतका कोणाच्याच वाट्याचा नव्हता.

"टर्बो बदलायची गरजच नव्हती," मी म्हणाले. "होज फाटलाय."

सगळ्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. सवयच ती. नवऱ्यानं हातातली चकली खाली ठेवली आणि म्हणाला, "तिला विचारा. तीच सांगते मला." एवढं तरी त्यानं केलं. कोणी हसलं नाही, कोणी शाळेचा विनोद केला नाही. मी इतकी वर्षं ज्याला भ्यायले ते एवढंच होतं, थोडी शांतता.

"उद्या गाडी घेऊन ये," मी तिला म्हटलं. "चालवायची तूच."

रविवारी सकाळी ती आली. मी लॅपटॉप गाडीला जोडून शेजारी बसले. सपाटीवर ती छान चालवत होती, आरसे बघत, गिअर वेळेवर. डोंगर दिसायला लागले तशी तिची बोटं स्टिअरिंगवर घट्ट झाली. चढ लागला. तिनं गिअर खाली घेतला, अगदी हवा तेव्हा, आणि पाय दाबला. शिट्टी आली. माझ्या पडद्यावर दोन रेघा होत्या, एक इंजिनानं मागितलेल्या दाबाची, एक मिळालेल्या. दोन्ही बरोबरीनं चढत होत्या त्या फाकल्या, फुस्स झालं, दिवा लागला आणि गाडी मरगळली.

"बघा," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "काय चुकतं माझं?"

"काही नाही. मीही अशीच चालवली असती."

पुढे जंगलात फिरायला येणाऱ्यांसाठी पार्किंग होतं, तिथे तिनं गाडी घेतली. मी बोनेट उघडलं, हातमोजे घातले आणि होजच्या खालून हात फिरवला. बोट चिरेत गेलं. बाहेर काढलं तर काळं तेलकट. मी तिला वाकून बघायला लावलं आणि तिचं बोट धरून तिथे टेकवलं. कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबून रविवारी, इथल्या सक्तीच्या सुट्टीच्या दिवशी, गाडी दुरुस्त करणाऱ्या दोघींकडे नापसंतीनं बघून गेले. जुना होज काढून नवा घालायला फारसा वेळ लागला नाही. दोन क्लिपा आणि थोडी झटापट. लॅपटॉपवरून दिवा घालवला आणि म्हटलं, "चल, वर घे."

गाडी चढली. शिट्टी नाही, काही नाही. मधे एक ट्रक आला, तो आमच्या पुढे होता आणि तिला हळू व्हावं लागलं. ती वळणं घेत क्लिनिकच्या पार्किंगपर्यंत गेली आणि सवयीनं एका कोपऱ्यातल्या जागेत गाडी लावली. समोर तळमजल्याची मोठी काच होती. आत एक आजी दोन दांड्यांना धरून चालत होत्या आणि एक मुलगी त्यांच्यापुढे उलटी पावलं टाकत त्यांना पुढे बोलावत होती.

"त्या आजी माझ्या पेशंट होत्या," ती म्हणाली. "आता चांगल्या चालतात."

मी माफी मागायचे शब्द जुळवत होते. तेवढ्यात तिनं मागच्या सीटवरचा रिकामा डबा उचलला आणि उलटसुलट करून बघितला. "ताई, आज रविवार. दुकानं बंद. हा होज कुठून आणलात?"

खोटं बोलता आलं असतं. कंपनीतून आणला म्हटलं असतं तर तिनं विश्वास ठेवला असता. "घरी होता," मी म्हणाले. "तुझ्या पूजेनंतर लगेच मागवला होता. टर्बो नाही, हे मला तिथेच माहीत होतं."

तिनं डबा मांडीवर ठेवला आणि काचेकडे बघितलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"तुम्ही यातच काम करता हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुमच्या सासूबाईंनी सकाळीच सांगितलं होतं, रवा भाजताना. आमची सून टर्बोतली मोठी इंजिनिअर आहे, तिला विचार म्हणून. फार अभिमानानं सांगत होत्या. म्हणून तर मी तो विषय सगळ्यांसमोर काढला."

मला आईंचा चेहरा आठवला, वाट्या ट्रेमध्ये लावून माझ्या हातात देताना. प्रसादासाठी कोण कशाला एवढी घाई करेल. त्यांनी मला खाली शिरा द्यायला पाठवलंच नव्हतं.

"माझा नवरा टर्बो बदलायला तयारच नव्हता," ती पुढे म्हणाली, अजून काचेकडेच बघत. "आधी होज बघू, असं म्हणत होता तो रात्री. मीच म्हटलं, नाही, टर्बोच बदल. ताई तिथे होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. चुकीचं असतं तर त्या बोलल्या असत्या."